बारा खुणांची बाटली

एका कंपाउंडरने मला फसवले. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलीला हिवताप झाला होता आणि कोयनेलचे, म्हणजे क्विनीनचे, औषध म्हणून त्याने मला तांबडे गोड पाणी बाटलीत भरून दिले. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण सोलापुरात ही हकीकत गेली कित्येक वर्षे उलटी सांगितली जाते. लुगडी विकणाऱ्या एका बाईने पोटच्या पोरीच्या औषधातही घासाघीस केली, मग तिला तसलेच औषध मिळणार, अशी. सांगणारे हसतात, ऐकणारेही हसतात. माझ्याच दुकानात, माझ्याच गादीवर बसून, माझेच लुगडे मांडीवर पसरून एका गिऱ्हाइकिणीने मला ती गोष्ट सांगितली आहे. त्या गोष्टीतली बाई समोर बसली आहे हे तिला ठाऊक नव्हते. मी ते लुगडे तिच्या मांडीवरून उचलले, घडी घातली आणि आत ठेवून दिले.

घासाघीस मी केली. ते मी कधीच नाकारले नाही. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा गेला तेव्हा मुलगी सात महिन्यांची होती. दिरांनी वाटणी म्हणून एक तांब्याचा हंडा दिला आणि पुष्कळसा उपदेश दिला. हंडा विकायला नेला तेव्हाच मला कळले की आपल्याला भाव करता येतो. त्या पैशांत पूर्व भागातल्या विणकरांकडून तीन लुगडी घेतली, ती वकिलांच्या आणि मास्तरांच्या घरी फिरून विकली, मग पाच घेतली, मग आठ. गाठोडे डोक्यावर आणि मुलगी कडेवर. बाजाराच्या दिवशी मोडनिंबपर्यंत जात असे. घरी आमची भाषा कानडी, गल्लीत मराठी, मागांवर तेलुगू. मला भाव तीन भाषांत करता येतो आणि शिव्या चार भाषांत देता येतात.

धंद्यात माझे एक नाव होते. लुगड्याची घडी न मोडता, नुसते हाताने चाचपून मी सांगत असे की हे पुरते नऊ वार आहे की कोणी त्यातून अर्धा वार मारला आहे. विणकर मला कमी मापाचे लुगडे दाखवायच्या भानगडीत पडत नसत. अशा बाईला एका बोटभर रुंदीच्या कागदाने फसवले, याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

भाद्रपदातली गोष्ट. मोडनिंबचा बाजार करून आम्ही सर्व्हिस मोटारीने परत येत होतो. ऊन असे होते की मोटारीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. मुलगी माझ्या मांडीवर होती. ती एकदम म्हणाली, "अव्वा, थंडी वाजते."

मी म्हटले, "खुळी आहेस का? उन्हात कसली थंडी?"

पण तिचे दात वाजायला लागले होते. नखे निळी पडली होती. मी गाठोडे सोडले आणि विकायची दोन कोरी लुगडी तिच्याभोवती गुंडाळली. घरी पोचेपर्यंत थंडी गेली आणि अंग तव्यासारखे तापले. डोळे तांबडेलाल, ओठ सुकलेले, आणि श्वास असा गरम की माझ्या गळ्याला चटका बसत होता.

आम्ही राहत होतो त्या खोलीला लागून एका तेलुगू विणकराचे घर होते. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत संसार. त्याची बायको माझ्याच वयाची. मला ती अक्का म्हणे. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या कपाळावर ठेवायच्या हे तिनेच सांगितले. मी गाठोड्यातले एक कोरे लुगडे काढले आणि पदराकडून फाडायला घेतले. तिने माझा हात धरला.

"अय्यो अक्का, कोऱ्या कापडाला खळ असते. ते पाणी धरत नाही. इतकं कापड विकतेस आणि एवढं ठाऊक नाही? जुनं धुवट काढ."

जुने धुवट असे घरात एकच होते, नवऱ्याचे धोतर. ते मी चार वर्षे फाडले नव्हते. त्या संध्याकाळी फाडले. पट्टी कपाळावर ठेवावी, दोनशे अंक मोजावेत, तोवर ती गरम होई, मग दुसरी. हात, पाय, काखा पुसायच्या. पाण्याचे तपेले तीनदा बदलले. दिवेलागणीला तिला दरदरून घाम फुटला, ताप उतरला, आणि ती उठून म्हणाली, "भाकरी दे." दुसऱ्या दिवशी ती अंगणात शेजारणीच्या सुताच्या रिकाम्या कांड्या घेऊन खेळत होती. मला वाटले, झाले. ऊन लागले असेल.

तिसऱ्या दिवशी दुपारी गिरणीचा भोंगा वाजला आणि तो वाजत असतानाच तिच्या हातातली कांडी पडली. पुन्हा थंडी, पुन्हा तो ताप. शेजारीण दारात येऊन उभी राहिली, तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, "पाळीचा ताप आहे. दिवसाआड, ठरल्या वेळेला येतो. मला आला होता. कोयनेलशिवाय जात नाही."

त्या दिवशी ताप चढलेला असताना मुलगी बडबडत होती. दिवसभर माझ्याबरोबर फिरून तिच्या डोक्यात दुसरे काय असणार? "एक वार, दोन वार, तीन वार," असे ती मोजत होती. मध्येच माझ्याकडे बघून म्हणाली, "अव्वा, तापाला सांग, अर्धाच ये. पुरा परवडत नाही म्हणून सांग." मी हसले आणि मग तोंडात पदर कोंबून भिंतीकडे वळले.

चौथ्या दिवशी सकाळी, ताप नसताना, तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर चांगले म्हणून नावाजलेले. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबले, डावीकडच्या बरगडीखाली बोटे रुतवून पाहिले, आणि इंग्रजीत चिठ्ठी लिहिली. "हिवताप. रोज चार डोस, दोन दिवस. मग पुन्हा दाखवायला आणा." एवढेच. पुढचा रोगी आत आला.

त्या वेळी औषधाची बाटली घरून न्यायची पद्धत होती. कंपाउंडर खिडकीच्या आत उभा असे. तो चिठ्ठी वाचून बाटलीत औषध करी, आणि बाहेरून कागदाची एक पट्टी चिकटवी. त्या पट्टीला कडेने कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. आम्ही बायका तिला खूण म्हणत असू. आठ खुणांची बाटली, सहा खुणांची बाटली, असा हिशेब. पैसे बाटलीचे, पण गरिबाच्या डोळ्यांत भरायच्या त्या खुणा.

त्याने आठ खुणांचा दाम सांगितला. मी ऐकून घेतला आणि सवयीने म्हटले, "दादा, जरा बघून सांगा."

"बघूनच सांगतोय बाई. ही मंडई नाही."

"मंडईत निदान वजन समोर होतं. दोन दिवसांचं औषध देता, तिसऱ्या दिवशी मला पुन्हा पोर काखेला मारून इथे यायचं, माझा धंदा बुडायचा. एवढ्याच पैशांत तीन दिवसांचं द्या. बारा खुणा."

"चिठ्ठीवर आठ आहेत."

"चिठ्ठी तुम्हीच वाचणार, आम्हाला कुठे इंग्रजी येतं?"

मागे रांगेत कोणीतरी हसले. कंपाउंडरचे कान लाल झाले. पातळ मिशांचा, तिशीतला माणूस होता. त्याने रांगेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि मला अजून आठवते, फार सहज म्हणाला, "बरं बाई. बारा तर बारा."

धंद्यात कोणी इतक्या सहज हो म्हणाले की मी थांबते. माल उलटून बघते, काठ बघते, घडीतला डाग शोधते. त्या दिवशी मी थांबले नाही. कडेवर मुलगी होती, ती माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपली होती, आणि बारा खुणा मिळाल्याचा मला आनंद झाला होता. त्याने एका मोठ्या बरणीतून तांबडे औषध ओतले, शेजारच्या पिपातले पाणी गळ्यापर्यंत भरले, बूच लावून हलवले. मी समोर उभी राहून पाहत होते. त्यानंतर त्याने कागदाची पट्टी घेतली आणि तिला बारा खाचा पाडल्या.

बाटली माझीच होती. आठ खुणा बसतात तीच बाटली. तेवढ्याच उंचीत बारा बसवल्या तर प्रत्येक खूण बारीक होणार, हे कळायला शाळेत जावे लागत नाही. कोण्या विणकराने नऊ वारांच्या लुगड्याचे बारा वार सांगितले असते तर मी त्याच्या मागापाशी उभी राहून सगळी गल्ली गोळा केली असती. पण ते कापड नव्हते, कागद होता आणि काच होती, आणि माझा हात तिथे आंधळा झाला. ही चूक माझी. एवढीच माझी.

घरी येऊन मी शेजारणीला बाटली दाखवली. "बारा पाडून घेतल्या," असे म्हणाले सुद्धा.

पहिला डोस दिला तेव्हा मुलगी मुकाट्याने प्यायली. दुसराही प्यायली. ती चमचा तोंडात धरून ठेवी. मी गल्लीत सांगत सुटले की बाकीच्यांची पोरे औषधाला हातपाय झाडतात, माझी बघा कशी शहाणी. पाचव्या दिवशी भोंग्याबरोबर ताप आला. मी म्हटले, औषध अंगी लागायला वेळ लागतो. त्या दिवशी थंडीतापात दोन खुणा राहिल्या, एरवी एकही चुकवली नाही. सकाळी कामगार आत जाण्याच्या भोंग्याला एक, दुपारच्या भोंग्याला एक, गिरणी सुटताना एक, आणि निजताना एक.

सातव्या दिवशीचा ताप मला लिहिता येत नाही, पण लिहिलाच पाहिजे. थंडी फार वेळ टिकली नाही, ताप मात्र चढतच गेला. पट्ट्या ठेवल्याबरोबर सुकत होत्या. ती मोजत नव्हती, बडबडत नव्हती. डोळे अर्धे उघडे आणि बुबुळे वर. मध्येच एक हात आपोआप उडायचा. मी तिला हाक मारली तर तिने माझ्याकडे पाहिले आणि मला ओळखले नाही. माझ्या आयुष्यात मला पुष्कळांनी ओळख दाखवली नाही, दिरांनी, सासरच्या गावाने, त्याचे मला कधी काही वाटले नाही. त्या दुपारी वाटले.

शेजाऱ्याचे माग थांबले होते. त्याने स्वतःहून थांबवले होते. शेजारीण पलीकडे बसून तळव्यांना पाणी लावत होती. मी म्हटले, "औषधाची वेळ झाली," आणि चमचा भरला. तिने मुलीचे डोके उचलून धरले. औषध ओठांना लागले, आणि त्या बेशुद्धीत, डोळे वर गेलेल्या अवस्थेत, मुलीने जीभ बाहेर काढून चमचा चाटला.

शेजारणीचा हात थबकला.

"अक्का, ही चाटते?"

"शहाणी आहे म्हणून तर सांगते."

"कडूजहर कोयनेल कुणी चाटतं का?" तिने चमचा माझ्या हातातून ओढला आणि तळाशी राहिलेला थेंब स्वतःच्या जिभेवर टाकला. मग बाटली माझ्यापुढे धरली.

मी घोटभर प्यायले. साखरेचा पाक पातळ केल्यासारखे लागले. त्याच्यामागे कुठेतरी, खूप मागे, किंचित तुरटपणा होता. बस. चार दिवस मी माझ्या मुलीला वेळा पाळून सरबत पाजले होते.

ओरडायला मला वेळ नव्हता. शेजारीणच म्हणाली, "पोस्टात पुड्या मिळतात. सरकारी. पळ." तेव्हा पोस्टात तिकिटांबरोबर कोयनेलही विकत. मी मुलीला तिच्या मांडीवर दिले आणि अनवाणी धावत गेले. खिडकी बंद व्हायच्या बेतात होती. आतल्या कारकुनाने दाम सांगितला आणि, लाज वाटते सांगायला, माझे तोंड भाव पाडायला आपोआप उघडले. "जरा," एवढा शब्द बाहेर पडलाही. कारकून बघत राहिला. मी पैसे फळीवर ठेवले आणि हात पुढे केला.

कागदावर मराठीत छापले होते, मोठ्याला किती, लहान मुलाला किती, ताप उतरल्यावर द्यावे. मी ते रस्त्यात चालता चालता दोनदा वाचले आणि घरी येऊन शेजारणीपुढे एकदा पाठ म्हणून दाखवले. तिला वाचता येत नव्हते, पण मी वाचलेले मला बरोबर सांगता येते की नाही हे तिला पाहायचे होते. दिवस कलताना घाम आला. ताप हटला. मुलीने डोळे उघडून "अव्वा" म्हटले. मी तिला पोटाशी धरले नाही की मुका घेतला नाही. पुडीतला भाग काढला, गुळाच्या खड्यात दाबला आणि तिच्या तोंडात घातला.

ती किंचाळली. थुंकली. मी बोटाने परत आत सारला तर माझे बोट करकचून चावली, अजून त्याचा वण आहे. "कडू! कडू! घाण अव्वा!" सगळ्या गल्लीला ऐकू गेले. शेजारणीने तिचे नाक दाबले, मी पाणी ओतले, पुडी पोटात गेली. मुलगी मला पोटभर शिव्या देत रडत होती, मीच शिकवलेल्या शिव्या, आणि शेजारीण आणि मी एकमेकींकडे बघून हसत होतो. चार दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडात औषध गेले होते.

आठव्या दिवशी सकाळी, ताप नसलेल्या दिवशी, मुलीला शेजारणीकडे ठेवून मी बाटली घेऊन दवाखान्यात गेले. तळाशी एक-दोन खुणा उरल्या होत्या. बाकावर आणि जमिनीवर मिळून दहाबारा माणसे बसली होती. कंपाउंडर खिडकीत होता.

"या बाई. संपलं का औषध?"

"संपलं नाही. तुमच्यासाठी राखून ठेवलंय. एक खूण प्या."

"मला ताप नाही."

"येईल," मी म्हटले.

लोक हसले. मी बूच काढले, खिडकीतला त्याचाच पेला घेतला, खुणेपर्यंत ओतला आणि त्याच्यापुढे ठेवला. "कोयनेल आहे ना यात? मग प्या. सगळ्यांना बघू दे तोंड कसं होतं."

तो पेला उचलायला तयार नव्हता. पण दहा माणसे बघत होती. त्याने पेला रिकामा केला आणि डोळे मिटून, मान झटकून, असे तोंड वाकडे केले की नाटकात शोभावे. "जहर आहे जहर!"

एक म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. आगगाडीने केम गावाहून आला होता, पायांत चपला नव्हत्या, मांडीवर त्याची स्वतःची बाटली होती. तो उठून आला. "बगू द्या की बाई, मला बी." त्याने माझी बाटली सरळ तोंडाला लावली, घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून चव घेतली.

"ह्ये जहर व्हय? ह्ये तर लई ग्वाड हाय की!" मग तो स्वतःच्या बाटलीकडे बघायला लागला. "माजी बी अशीच लागती. आट दीस म्हातारीला पाजतुया. मला वाटलं, शेराचं औशद, म्हून ग्वाड आसंल."

त्यावर एकजण हसला आणि लगेच गप्प झाला. एका बाईने आपली बाटली पदराआडून काढली, बूच उघडून वास घेतला.

डॉक्टर बाहेर आले. "काय गोंधळ आहे?" मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि सगळे सांगितले, आठ खुणा, बारा खुणा, चमचा चाटणारी पोर, काहीही न लपवता. त्यांनी करंगळी बाटलीच्या तोंडाला लावून ओली केली आणि जिभेवर टेकवली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून पोट भरणारी बाई मी, मला तोंड वाचता येते. तोंड वाकडे झाले नाही. त्यांनी कंपाउंडरकडे पाहिले. कंपाउंडरने खाली पाहिले.

मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले, "बाई, औषधात घासाघीस करतात का? आठ डोसांचं बारा करून मागितलंत, मग ते पातळ होणारच. भाजीपाला आहे काय? पोटच्या पोरीचा तरी विचार करायचा."

दहाबारा माना माझ्याकडे वळल्या. ज्या बाईने बाटलीचा वास घेतला होता तिने जीभ चावून "अगं बाई" म्हटले, आणि ते मला उद्देशून होते.

मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, आठाचं बारा केलं तर कडू औषध कमी कडू होईल. गोड कसं होईल?"

त्यांनी करंगळी रुमालाला पुसली.

"आणि या बाबांनी कुठे घासाघीस केली? बाबा, तुम्ही भाव केला होता?"

म्हातारा घाबरला. "न्हाय बा. सांगितलं तितकं दिलं. यक अक्षर बोललो न्हाय."

"जा, तुमची बाटली फुकट भरून देतो," डॉक्टर मला म्हणाले. "नीट भरून देतो. आणि बाबा, तुमचीही द्या इकडे."

फुकट या शब्दाला मी त्याआधी कधी नाही म्हटले नव्हते. त्या दिवशी म्हटले. बाटली त्यांच्या हातून ओढून घेतली आणि निघाले. दारात म्हाताऱ्याला सांगितले, "बाबा, इथलं घेऊ नका. पोस्टात जा. सरकारी पुडी मिळते." तो दोन्ही हात जोडून डॉक्टरांपुढे उभा होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "आता फुकट द्येतो म्हनतुया की पोरी. द्येव मानूस हाय."

नवव्या दिवशी तापाची पाळी होती. सकाळपासून मी गाठोडे उघडले नाही. शेजाऱ्याने माग चालू ठेवले होते, मीच सांगितले होते की चालू ठेव, मला आवाज हवा. दुपारचा भोंगा झाला. मुलगी गोधडीवर बसून होती. मी तिची नखे बघत होते. नखे गुलाबीच राहिली. थोड्या वेळाने तिचे अंग कोमट लागले, ती आडवी झाली, तिने पाणी मागितले, आणि गिरणी सुटायच्या आत घाम येऊन मोकळी झाली. अकराव्या दिवशी काहीच आले नाही. भोंगा वाजला आणि नुसताच वाजून थांबला.

ती वाचली. पण त्या वाया गेलेल्या दिवसांचे डाव्या बरगडीखाली काहीतरी राहिले. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली होती, हात लावला की हाताला लागे. पुढचे वर्षभर तिचे पोट पुढे आणि हातपाय काड्या. पायऱ्या चढताना मध्येच बसत असे. मी तिला पुन्हा कडेवर घेऊन बाजार करू लागले, साडेपाच वर्षांच्या पोरीला. आज ती इंग्रजी शाळेत जाते आणि मला दुकानातली इंग्रजी पत्रे वाचून दाखवते.

आणि सोलापुरात गोष्ट राहिली ती लुगडेवालीची. कंपाउंडरची गोष्ट कोणी सांगत नाही. तो पुढे वर्ष दीड वर्ष त्याच खिडकीत होता, मग कुठे गेला ते मला ठाऊक नाही. म्हातारीचे काय झाले तेही ठाऊक नाही. केमच्या बाजूचे कोणी दुकानात आले की मी विचारते, पण नावच ठाऊक नसल्यावर काय सांगणार? अनवाणी म्हातारे तिकडे पुष्कळ आहेत.

मी भाव केला. भाव करणे दोघांचे काम असते. मी कमी मागितले तर समोरच्याने नाही म्हणावे. मी दिवसातून वीस वेळा नाही म्हणते. घडी घालते, गाठोडे बांधते, उठते. ज्याला त्या पैशांत माल देता येत नाही त्याने हो म्हणून पाणी विकायचे, आणि मग म्हणायचे की बाईने कमी मागितले होते? असे मी कापडात केले असते तर गिऱ्हाइकांनी माझे दुकान उलटे केले असते. आणि मी भावच केला नसता तर मला काय मिळाले असते? केमच्या म्हाताऱ्याला जे मिळाले ते.

डॉक्टरसाहेब, तुम्ही आता दवाखाना मुलाकडे सोपवला आहे आणि संध्याकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसता. मी रोज त्याच रस्त्याने दुकान बंद करून जाते. तुम्ही मला ओळखता. मी ओळखते की तुम्ही ओळखता, कारण मी आले की वर्तमानपत्र वर जाते. दहाबारा माणसांदेखत तुम्ही मला आई म्हणून नापास केलेत, ते राहू द्या. पण त्याआधी तुम्ही करंगळी माझ्या बाटलीला लावून जिभेवर टेकवली होती. चव काय लागली ते तुम्ही त्या दिवशी सांगितले नाही आणि आजवर सांगितलेले नाही. म्हाताऱ्याला ते ऐकायचा हक्क होता. मला आहे. तुमच्या औषधाची बाटली ज्यांनी ज्यांनी घरी नेली त्या सगळ्यांना आहे. वर्तमानपत्र खाली घ्या आणि सांगा, गोड होते की कडू?